चाळीस टक्क्यांवरचा आवाज

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या भावाची आहे, आणि मी तिथे होते. पटली नाही तर सोडून द्या, मी वाद घालणार नाही.

डेट्रॉईट. दोन हजार सोळाचा जानेवारी. मंगळवार, दुपारचे साडेतीन. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि आम्ही दोघं व्हर्लनच्या तळघरात.

व्हर्लन माझा थोरला भाऊ. अठ्ठावन्न वर्षांचा. उमर कारखान्यात गेली, पण जीव सगळा जॅझ गिटारमध्ये. कागदावरचे सूर त्याला कधी वाचता आले नाहीत. रेकॉर्ड लावायची, आधी गळ्यातून म्हणायचं, मग तारांवर शोधायचं. आमच्याकडे सगळे असेच शिकले.

त्या हिवाळ्यात त्याच्या डाव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली.

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. उन्हाळ्यापर्यंत हात निकामी होईल.

तेव्हा त्याने एकच हट्ट धरला. डॅडींचा एक तरी सोलो वाजवायचा.

डॅडी गिटार वाजवायचे. ते वारले तेव्हा व्हर्लन बारा वर्षांचा होता, मी चार. त्यांनी व्हर्लनला गिटारला हातसुद्धा लावू दिला नव्हता. मला तर त्यांचा आवाजही आठवत नाही.

त्यांच्या ड्रमरची विधवा, मिस आयोला, अजून होत्या. त्यांच्याकडे बँडची एक जुनी टेप निघाली. एका रविवारी दुपारी क्लबात कुणीतरी भरलेली. ती मी कॉम्प्युटरवर घेतली आणि व्हर्लनला एक सॉफ्टवेअर टाकून दिलं. गाणं हवं तेवढं सावकाश होतं, पण सूर उतरत नाही. तुकडा निवडला की तोच परत परत वाजत राहतो.

"आम्ही रेकॉर्डवर बोट टेकवून गती कमी करायचो," तो हसला. "रेकॉर्डही जायची आणि वर मारही मिळायचा."

त्या सोलोचे चार-चार मात्रांचे बत्तीस तुकडे. दहा दिवसांत त्याने अठरा बसवले.

एकोणिसावा काही केल्या येईना.

त्या मंगळवारी त्याने गती चाळीस टक्क्यांवर आणली...

टक्... टक्... टक्...

लाकडी फरशीवर बुटाची टाच.

"बँडमधलाच कुणीतरी पाय आपटतोय," मी म्हटलं.

व्हर्लन वाजवायला लागला. बोट घसरलं. सूर चुकला.

टकटक थांबली.

आणि स्पीकरमधून... एक पुरुषी आवाज आला.

"पुन्हा."

मी गती परत शंभर टक्के केली. आवाज नाही. मूळ टेप लावली. तिच्यातही नाही. परत चाळीस टक्के. व्हर्लनने वाजवलं. चुकला.

"पुन्हा."

मी वायर उपटली. पडदा काळा झाला.

टक्... टक्... टक्...

आता ते कोपऱ्यातल्या रिकाम्या स्टुलापाशी वाजत होतं.

"चल वर! आत्ताच्या आत्ता!" मी त्याचा दंड धरला.

तो हलला नाही. डोळ्यांत पाणी, चेहऱ्यावर हसू.

"जोएटा, पन्नास वर्षं वाट बघितली गं मी. डॅडी शिकवतायत मला."

कॉम्प्युटर मी घरी घेऊन आले. काही उपयोग झाला नाही.

फेब्रुवारीभर मी रोज दुपारी जेवण घेऊन जायचे. कोलार्डची पालेभाजी, मक्याचा पाव. आदल्या दिवशीची ताटली जशीच्या तशी. जिन्यावरून ऐकू यायचं... गिटार. मग चूक. मग शांतता.

मग तो शब्द.

"बरोबर आलं की काय म्हणतात रे ते?" मी एकदा विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "अजून एकदाही आलं नाही."

मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी गेले, तर गिटार ऐकूच येत नव्हती.

मी खाली उतरले. व्हर्लन खुर्चीत. गिटार मांडीवर. डावा हात ओल्या फडक्यासारखा लोंबत होता.

"डॅडी, हात चालत नाहीये हो," तो म्हणत होता. "खरंच चालत नाहीये."

टक्... टक्... टक्...

"पुन्हा."

त्याने उजव्या हाताने डावा हात उचलला. एकेक बोट धरून तारेवर ठेवलं. ती घसरली.

"पुन्हा."

मी किंचाळले. "सोडा हो त्याला! मुलगा आहे तुमचा!"

टकटक थांबली.

मला वाटलं, ऐकलं माझं.

मग... स्टुलापाशी कुणीतरी हसलं.

व्हर्लन एप्रिलमध्ये गेला. एकोणिसावा तुकडा त्याला आला नाही.

दफन झाल्यावर मी टेप परत करायला मिस आयोलांकडे गेले.

"डॅडींची शेवटची आठवण म्हणून घेतली होती," मी म्हटलं.

म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. "तुझे डॅडी? यात? पोरी, ते त्या रविवारी आलेच नव्हते. तापाने पडले होते. मी म्हटलं, त्यांच्या बँडची टेप आहे. ते आहेत असं कधी म्हटलं?"

"मग गिटार कोण वाजवतंय?"

त्यांनी टेप माझ्याकडे सरकवली.

"एक माणूस दारातून आत आला. म्हणाला, तुमचा गिटारवाला आज येणार नाही. आम्हालाच तोवर माहीत नव्हतं. एक गाणं वाजवलं, निघून गेला. नाव कुणी विचारलं नाही."

टेप त्यांनी परत घेतली नाही. ती माझ्याच घरात आहे. टाकून द्यायचा धीर होत नाही. कुणाच्या तरी हाती लागेल.

रात्री झोप लागते. दुपारच्या शांततेत मात्र मला घरात बसवत नाही.

तो कोण होता, ठाऊक नाही. माझ्या भावाकडून त्याला काय हवं होतं, तेही नाही.

एवढंच ठाऊक आहे, की व्हर्लन त्याला डॅडी म्हणून हाक मारायचा...

आणि तो ओ द्यायचा.