रक्तात न उतरलेलं औषध

ज्योत्स्ना मंडलने औषध चोरलं असेल, तर तिच्या पदरात नेमकं काय पडणार होतं? सहायक फौजदार सुगंधाबाई रामटेके यांनी जीपमध्ये बसल्या बसल्याच हा हिशेब मांडून पाहिला. मलेरियाला लांब ठेवणारं हे औषध अजून बाजारातच आलेलं नव्हतं. त्याला भाव नाही, बिल नाही, मग गिऱ्हाईक कुठून येणार? उलट पकडली गेली तर नर्सची नोंदणी जाणार, तुरुंग पदरी पडणार आणि मुलचेऱ्याकडच्या गावात आईबापांना तोंड दाखवायला जागा उरणार नाही. जमेच्या बाजूला भोपळा. सुगंधाबाईंनी नोकरीत मूर्ख चोर पुष्कळ पाहिले होते, पण इतका आतबट्ट्याचा धंदा कुणी केलेला त्यांना आठवेना.

दवाखान्यातून फोन मात्र चहाच्या आधीच आला होता. "ताबडतोब या. नर्सला ताब्यात घ्यायचं आहे."

चंद्रपुरातल्या त्या खासगी दवाखान्याचा वरचा मजला औषधाच्या चाचणीसाठी घेतलेला होता. डॉ. अश्विन गुंडावार तिथले प्रमुख. त्यांनी टेबलावर एक रिकामं पेन ठेवलं. लिहायचं नव्हे, टोचायचं.

"साधं आहे, बाई. औषध एकच, टोचायच्या तऱ्हा दोन. अर्ध्या बायकांना नेहमीच्या सिरिंजने, अर्ध्यांना या पेनने. दोन्ही पोटावर, कातडीखाली. पेन दाबलं की टक्‌ करून सुई आत जाते. कुठल्या तऱ्हेने रक्तात किती उतरतं, तेवढं बघायचं."

"बायकांना आजार कोणता?"

"कोणताच नाही. धडधाकट माणसंच लागतात."

"म्हणजे धडधाकट माणसाला दवाखान्यात आणायचं." सुगंधाबाईंनी दुखरा गुडघा चोळला. "बरं, मग?"

"करिष्मा नावाच्या बाईला पेन दिलं. तिच्या रक्तात औषधाचा मागमूस नाही. आणि हे औषध महिनोन्‌महिने रक्तातून जात नाही! कंपनी मला जाब विचारते आहे. ज्योत्स्नाने पेन स्पंजात दाबून औषध बाटलीत काढलं असणार. बायका आणून पोचवणारा तो विक्की, त्याच्या तेंदूपत्त्याच्या ठेकेदारांशी ओळखी आहेत. जंगलात जाणाऱ्याला मलेरियाची धास्ती असतेच."

"बाकीच्यांचं रक्त?"

"सगळं ठीक. दीपिका म्हणून एक होती, तिचा नमुना वाटेत फुटला. तिने तशीही चाचणी सोडली."

सुगंधाबाईंनी मान डोलावली. त्या थकल्या की मान डोलावत. माणसांना ती संमती वाटे.

ज्योत्स्ना बाहेरच्या बाकावर बसली होती. रडून झालं होतं. आता ती नुसतीच बसली होती.

"पेन तूच दाबलंस?"

"हो मॅडम. माझ्या खोलीत फक्त पेन. सिरिंज पलीकडच्या खोलीत, दुसऱ्या सिस्टरकडे."

"समोर करिष्माच होती?"

"गळ्यात तिच्या नंबराचं कार्ड होतं."

"मी कार्डाचं नाई, तोंडाचं विचारून राह्यली."

"सगळ्यांना टोपी, मास्क, तोच हिरवा झगा. फोटो जुळवायचा असतो. रांग होती. नाही जुळवला."

"तिच्यात काही वेगळं दिसलं?"

"काही नाही. उलट तीच शहाणी निघाली. बाकीच्या येऊन दंड पुढे करायच्या. पोटावर म्हटलं की लाजायच्या, हसायच्या. हिने मी तोंड उघडायच्या आत झगा बाजूला केला."

सुगंधाबाईंची जांभई अर्ध्यावर थांबली.

खाली विक्की जीपचा टायर न्याहाळत होता.

"माह्या मागं काऊन लागता, बाई? औषध विकलं असतं तं हा टायर असा टकला राह्यला असता का?"

"दीपिकाले घरी तूच सोडलं?"

"कुठी जी! इथला मुक्काम सरल्यावर तिघी-चौघींले संगच नेणार होतो. पण तिले डॉक्टरसाहेबानं आधीच रवाना केलं. सोताच्या गाडीनं, एसीवाल्या!" विक्कीने कपाळाला हात लावला. "माह्या सासऱ्याले घरी न्याले तेच गाडी मागतली होती, तं म्हणे पेट्रोल नाई."

करिष्मा त्या दिवशी पुन्हा रक्त द्यायला आली होती. मूलजवळच्या खेड्यातली, नाकात चमकी, पायांच्या भेगांत भाताच्या रोवणीचा चिखल अजून बसलेला.

"सुई दुखली का व?"

"नाई वो बाई. मुंगी चावल्यावाणी." बोलता बोलता तिने डावा दंड चोळला.

सुगंधाबाई त्या दंडाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी एकदम विषय बदलला. "रोवणी कशी चालू आहे?"

करिष्माचा चेहरा मोकळा झाला. "जोरात! मी अन् दीपिका एकाच टोळीत. रोपं लावाच्या आमच्या पाता लागून राह्यतात."

"अन् एखादीचं आंग दुखलं त?"

"बाजूची तिची पात बी लावते. धानाची बांधी पुरी झाली का झालं. कोणाच्या हातानं झाली, हे कोन पाह्यते?"

हे तिने मोठ्या अभिमानाने सांगितलं.

दुपारी सुगंधाबाई मूलकडे गेल्या. दीपिकाला पाहिलं, दोन प्रश्न विचारले आणि तिला जीपमध्ये निजवून परत आणलं. वाटेत तिला सरकारी दवाखान्यात ठेवलं, तिथलं एक काम उरकलं. मग सगळ्यांना डॉक्टरांच्या खोलीत बोलावलं.

"लिहून घेता का जबाब?" डॉक्टर म्हणाले. "ज्योत्स्नाने कबूल केलं?"

"तिने रांगेच्या घाईत फोटो जुळवला नाही, एवढंच तिचं. औषध चोरीला गेलंच नाही, डॉक्टर. ते पोटातच गेलं. फक्त पोट दुसऱ्याचं होतं."

करिष्मा भिंतीला टेकली.

"सुई पोटावर टोचतात, आणि ही पोर दंड चोळते. म्हणजे हिला टोचलंच नाही. मग पडद्याआड कोण आली? सगळ्या दंड पुढे करत होत्या. एकीलाच न सांगता ठाऊक होतं, पोट उघडं करायचं. कसं? कारण त्याच दिवशी पलीकडच्या खोलीत सिरिंजने टोचून घेऊन ती आली होती."

"मले भेव वाटला वो!" करिष्मा हुंदके देऊ लागली. "पडद्यामागून टक्‌ टक्‌ आवाज ये. दीपिका म्हणाली, रडू नोको, तुही पात मी लावतो. कार्ड तिच्या गळ्यात घातलं. आमाले वाटलं, सारे पेन सरले म्हणजे डॉक्टरचं काम झालं."

"बांधी पुरी झाली," सुगंधाबाई म्हणाल्या. "चूक आहे, पण लबाडी नाही. लबाडी पुढे सुरू झाली."

डॉक्टरांनी पाण्याचा पेला उचलला, तसाच खाली ठेवला.

"दीपिकाला दुप्पट औषध गेलं. तिसऱ्या दिवशी अंगावर गांधी उठल्या, ताप चढला, तेव्हा तिने तुम्हाला खरं सांगितलं. कंपनीला कळवलं असतं, तर चाचणी त्याच दिवशी थांबली असती. पुढच्या चाचण्याही हातच्या गेल्या असत्या. तुम्ही तिला जेलची भीती घातली आणि स्वतःच्या गाडीतून गावी धाडलं. जो माणूस विक्कीच्या सासऱ्याला गाडी देत नाही, तो मजूर बाईला एसीत बसवतो, तिथेच मला खटकलं. मग तिचा नमुना तेवढा फुटला. पण करिष्माचं कोरं रक्त कंपनीपर्यंत पोचलं, आणि तुम्हाला चोर हवा झाला."

"ही सगळी कल्पना आहे. पुरावा?"

"तो तुम्हीच सकाळी सांगितला. औषध महिनोन्‌महिने रक्तातून जात नाही. दीपिकाचं रक्त सरकारी दवाखान्यात देऊन आले. ती नळी वाटेत फुटली नाही."

ज्योत्स्नाने ओढणीने तोंड झाकलं. विक्की हळूच म्हणाला, "पेट्रोल होतं म्हणजे."

तपासणीचा निकाल आला. औषध दुप्पटच होतं.

मग ज्याचं त्याचं देणं ठरलं. डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला, चाचणी बंद पडली. जामीन मात्र त्यांना लगेच मिळाला. विक्कीची जीप रिकामी उभी राहिली. ज्योत्स्नाची नोंदणी वाचली, तुरुंग टळला, पण फोटो न जुळवल्याचा ठपका बसला आणि दवाखान्याने तिला परत घेतलं नाही. ती मुलचेऱ्याच्या बसमध्ये चढली तेव्हा सोडायला सुगंधाबाईच तेवढ्या होत्या. कंपनीचा माणूस गोड बोलणारा होता. दीपिकाच्या भरपाईचं विचारलं तर म्हणाला, पहिल्या सुईची जबाबदारी आमची. दुसरी त्यांनी आपणहून घेतली. ताप कुठल्या सुईचा, तेवढं त्यांनी दाखवून द्यावं.

"कसं दाखवायचं?" सुगंधाबाईंनी विचारलं.

त्यालाही ते ठाऊक नव्हतं.

करिष्मा कामावर जात राहिली. दीपिका दारात बसून टोळीकडे बघत राहिली. ताप उतरला होता, पण बोटं सुजून ताठली होती. मूठ वळत नव्हती, आणि रोपांची जुडी धरायला मूठच लागते.