पाच मिनिटं

लातुरात शेषेराव सरांचा श्वसनसंस्थेचा तास म्हटला की दुसऱ्या क्लासची पोरंही मागच्या बाकावर चोरून येऊन बसत. सर नुसतं सांगत नसत, करून दाखवत. पाच लिटरचा कॅन पाण्यानं भरून टबात उपडा घालायचा, त्याच्या तोंडाशी रबरी नळी सरकवायची आणि छाती भरून एकदाच फुंकायचं. कॅनमधलं पाणी जितकं खाली उतरेल तितकी फुप्फुसांची ताकद. तालमीतल्या पोरांपेक्षा एखादी किडकिडीत पोरगी जास्त पाणी उतरवायची आणि वर्गात हशा पिकायचा.

त्या तासाला सर दरवर्षी एक वाक्य फळ्याकडे तोंड करून सांगत. ऑक्सिजन तुटला की मेंदू पाच मिनिटांच्या पुढे टिकत नाही.

हे वाक्य ते पहिल्यांदा बोलले होते ते ढिगाऱ्यावर उभं राहून. त्र्याण्णवचा भूकंप. पहाटे चारच्या सुमाराला औशाकडचं त्यांचं घर बसलं आणि माळवदाच्या छपराची सगळी माती बारा वर्षांच्या उज्वलावर आली. त्यांची धाकटी बहीण. सकाळी दहापर्यंत गावातली माणसं उकरत होती. तेवढ्यात शेजारच्या घरातून कण्हणं ऐकू आलं. इथंच उकरायचं की तिकडं जायचं, असं त्यांनी शेषेरावांना विचारलं, कारण गावात बी.एस्सी. झालेला तोच एक. सहा तास उलटले होते. शेषेरावांनी हिशेब सांगितला आणि म्हणाले, "तिकडं जा."

तिसऱ्या दिवशी, दोन ऑक्टोबरला, दुपारी बाराला लष्कराच्या जवानांनी उज्वलाला बाहेर काढलं. तेव्हापासून दर दोन ऑक्टोबरला आई, साखराबाई, एकच विचारायची, "लगीच गेली न्हवं रे ती?"

"लगेच, आई. तिला कळलंसुद्धा नाही."

या उत्तरावरच शेषेराव सर सोळा वर्षं झोपत होते.

त्या वर्षी तीस सप्टेंबरला, सकाळी दहाच्या बॅचला, जळकोटच्या शिंप्याची मनतशा नळी घेऊन उभी राहिली. कॅनमध्ये बुडबुडे आले. पाणी पांढरट, गढूळ झालं. त्यात भुशाच्या काड्या तरंगायला लागल्या.

"तोंडात काय आहे गं तुझ्या?"

"सर, म्या अजून फुंकलंच न्हाई."

नळीचं टोक तिच्या मुठीत होतं, तोंडापासून हातभर लांब.

कॅनला भोक पडलंय, असं सांगून सरांनी वर्ग सोडला. पाणी बदललं, तेही गढूळ झालं. गाळ बोटांत चोळून पाहिला. माळवदावर घालतात ती पांढरी माती. तिचा वास ते विसरलेले नव्हते. त्यांनी नळी काढून बाजूला ठेवली. बुडबुडे येतच राहिले आणि पाणी मात्र रेघभरही उतरेना.

सरांनी मनगटावरचं घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला बावीस. एवढा श्वास लहान मुलाचा असतो.

पाच मिनिटांत थांबेल, असं त्यांनी स्वतःला बजावलं. सहावं मिनिट लागलं तेव्हा त्यांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तब्येतीचं निमित्त करून त्यांनी क्लास बंद ठेवला आणि आतून कडी लावून बसले. मिनिटाला सोळा. मग अकरा. त्यांना रडू फुटलं, पण त्यातही मोजणं सुटलं नाही.

दोन ऑक्टोबरला तशीही सुट्टी होती. सकाळी मिनिटाला चार होते.

मग दोन.

"उजे," सर कॅनच्या प्लास्टिकला तोंड लावून म्हणाले, "थांब जरा. येऊन राहिलेत जवान."

पावणेबाराला शेवटचा बुडबुडा वर आला.

सर घरी आले. आईनं ताट वाढलं, पाणी ठेवलं. ते तिच्या प्रश्नाची वाट बघत राहिले. ती भाकरी मोडत होती.

"आई, आज विचारलं नाहीस?"

"काय इचारू?" साखराबाई म्हणाली. "तवाच मातीला कान लावून तुला म्हणलं व्हतं, पोरगी दम घेऊन राहिली. तू म्हणलास, भास हाय. शिकलेला तू. सोळा वर्सं कानात चालू हाय, तरी भासच म्हणत बसले."

तिनं भाकरीचा तुकडा त्यांच्या ताटात टाकला.

"आज पावणेबाराला थांबला बघ."