दोन नंबरवरची उघडी मेल

सिंदी रेल्वे या गावात स्टेशनच्या रस्त्यावर गजेंद्रभाऊंचं ऑनलाइन सेंटर आहे. मी तिथं लोकांचे फॉर्म भरतो. शाळा नववीतच सुटली, चारचौघांत बोलायला जमत नाही. पण बोटं चालतात. लोक मेल बघतात आणि तशीच उघडी सोडून जातात. दुपारी ती एकेक बंद करणं माझं काम.

फक्त दोन नंबरच्या कॉम्प्युटरवरची चंद्रभानजींची मेल मी कधी बंद केली नाही. ती मीच त्यांना काढून दिली होती. कुवेतला गेलेल्या मुलाचं पत्र आलं का, हे बघायला ते रोज यायचे. उठताना म्हणायचे, "लॉग आउट नको करजो बाबू. मले पासवर्ड आठवत नाई."

पौषात ते वारले. मुलाचं पत्र आलंच नाही. मेल उघडीच राहिली.

मग माझ्याकडून चूक झाली. आमच्या गल्लीतल्या पौर्णिमाचा वनरक्षक भरतीचा फॉर्म मी त्याच कॉम्प्युटरवर भरला. मेलच्या रकान्यात चंद्रभानजींचा पत्ता आपोआप आला आणि मी न बघता पुढं गेलो. तिचं हॉल तिकीट त्यांच्या मेलवर आलं.

वैशाखातली दुपार होती. गजेंद्रभाऊ जेवायला गेलेले, शटर अर्धं खाली. पौर्णिमा शेजारी बसली.

"उद्या नागपूरले पेपर आहे दादा. तिकीट नसलं तर आत घेत नाई. दोन वर्षं झाले, अभ्यास करून राह्यली मी."

हॉल तिकीट सगळ्यांत वर दिसत होतं. मी माऊस नेला, तर ते नाहीसं झालं. कचरापेटीत सापडलं. परत आणलं. पुन्हा गेलं.

कूलरच्या ओल्या गवताच्या वासात बामचा वास मिसळला. चंद्रभानजी कपाळाला बाम चोळायचे. मग कोरं पत्र आपोआप उघडलं. एकेक अक्षर, सावकाश...

'माह्यं येत नाई... तोवर... कोणाचंच नाई...'

"दादा... तू टाईप करून राह्यला काय?"

मी दोन्ही हात वर करून दाखवले.

पौर्णिमा क्षणभर पांढरी पडली. मग तिनं खुर्ची पुढं ओढली. "चंद्रभानजी असो का त्याहीचा बाप! माहा पेपर आहे उद्या. उठव त्याले!"

मी आजवर कोणाला उलट बोललो नव्हतो. माऊस धरला. तो बर्फासारखा थंड होता आणि हाताखालून ओढला जात होता. दोन्ही हातांनी दाबून धरला.

"चंद्रभानजी," मी म्हणालो, "मेल तुमची, पण तिकीट हिचं आहे. तुमी अडवान, तर तुमाले बी इथं ठेवत नाई."

कचरापेटीतूनच तिकीट उघडलं आणि प्रिंट दिली. प्रिंटर घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. अर्धा बाहेर आलेला कागद आत जाऊ लागला. पौर्णिमानं तो पकडून ओढला.

जुना पासवर्ड मला पाठ होता. मी तो बदलला. नवा अकरा अक्षरांचा, कोणालाच न सांगितलेला. मग लॉग आउट केलं.

पौर्णिमानं पेपर दिला.

गजेंद्रभाऊ म्हणतात, तो डब्बा विकून टाकू. मी नको म्हटलं. दुपारी आता मीच त्याच्यासमोर बसतो. मेलचं पान आपोआप उघडतं आणि कोणी हात न लावता पासवर्डच्या रकान्यात काळे ठिपके उमटू लागतात. पहिल्या दिवशी चार होते, मग सात. पासवर्ड चुकीचा असल्याचं लाल अक्षरांत येतं, आणि मी मोठ्यानं म्हणतो, "चुकलं, चंद्रभानजी."

आज मी ठिपके दोनदा मोजले. अकरा होते.