चुलीपर्यंतचा पूर

माही नात मयुरी नाल्यात पडली, म्हणून तिले गोकुळ भेटला.

रविवारी सकाळी खामगावातले पोट्टे-पोट्टी नाला साफ करत होते. मयुरी नुसती पाहाले गेली, अन् पाय घसरून कमरेपर्यंत गाळात! गोकुळनं हात दिला.

"प्लास्टिक काढाले आलो होतो... हे काय सापडलं?"

"सोड मंग परत!"

"नाही जमत व. नाल्यात काही टाकाचं नाही, असा नियम आहे आमचा."

तवापासून पोरगी दर रविवारी नाल्यावर. पावसाचं पाणी वरच मुरावं म्हणून टेकडीवर चर खोदाले बी गेली. हाताले फोड आले, त मेंदी काढल्यावानी दाखवत फिरे. दोघायचं जमलं, पण गोकुळची माय पुष्पांजली आधी जातीवरून लग्नाले अडून बसली होती. मंग हळूहळू... त्याच्या डब्यात मयुरीसाठी एक भाकर जास्तीची येऊ लागली.

उन्हाळ्यात त्यायनं ठरवलं, जुना पूर जिथवर आलता तिथवर फक्कीची पांढरी रेघ मारायची. रेघेच्या आत बांधलं असन ते पाडायचं, पाण्याले वाट मोकळी कराची. "आधी आपलेच घरं," गोकुळ बोलला. पण पूर पाहिला कोणं? बुढ्या माणसायले इचारा! मयुरी मलेच घेऊन गेली.

आता दहा-बारा जणं टक लावून पाहून राह्यले, त माहं तोंड थांबते का? सांगतलं, इथून सर्कशीचा हत्ती वाहून गेलता. म्हैस चिंचेवर लटकली होती. अन् पाणी? पार गोकुळच्या घरातल्या चुलीपर्यंत!

हत्ती कोणी लिहून घेतला नाही. चूल लिहून घेतली.

मयुरीनं सोताच्या हातानं पुष्पांजलीच्या सैपाकघरातून रेघ नेली.

दुसऱ्या दिवशी गोकुळनं सैपाकघराची भिंत पाडाले टिकास उचलला, तशी मी धावत गेली. "बापू, थांब! मी लबाड बोलली. पाणी खालच्या लिंबापर्यंतच आलतं."

गोकुळ हासला. "आजी, नातीचं जमावं म्हणून आता पूर मांगं सारता का?"

"आजी, लाज नको आणू व," मयुरी बोलली. "आपल्या माणसासाठी रेघ हलवली, त उद्या कोण मानन आपल्याले?"

सारे हासले. पुष्पांजली नाही हासली. तिनं निखारा इझवला, भांडे उचलले. भिंत पडली.

श्रावणात त्या जुन्यावानीच मोठा पूर आला. लिंबाच्या बुडाले शिवला, अन् परत फिरला.

मयुरी पळतच गोकुळच्या घरी गेली. पुष्पांजली आंगणात ताडपत्रीखाली भाकरी थापत होती.

"मावशी... आपण परत बांधू."

"बांधाले माहा लेक आहे. तू नको येऊ."

गोकुळ तिले वळणापर्यंत सोडाले आला.

"तुह्यं काही चुकलं नाही, मयुरी. घाव म्याच घातला. पण धुरात मायचे डोळे पाहातो न... अन् तू समोर आली, की मले तेच दिसते."

"रविवारी... येशीन?"

"मी टेकडीवर जाईन आता. तू खाली सांभाळ."

मयुरीनं मले कधी बोल लावला नाही. पण लेकरं गोळा झाले अन् म्या गोष्ट सुरू केली, की ती उठते, अन् आत जाते.