एका वेळचं जेवण

"मेसचे तीनशे लिहितीस आणि जेवतीस एकच वेळ! मंग उरलेले दीडशे कुठं जातात, सुगंधे?"

उस्मानपुऱ्यातल्या त्या अंधाऱ्या खोलीच्या दारात त्रिंबक उभा होता. वाळूजच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून, मेसवाल्या सारजाबाईंना भेटून तो तसाच आला होता, आणि बहिणीनं सुबक अक्षरात लिहून दिलेला महिन्याच्या खर्चाचा कागद त्याच्या हातात होता... खोली दीडशे, मेस तीनशे, वह्या-पुस्तकं साठ, जाणं-येणं पन्नास, साबण-तेल चाळीस. सहाशे रुपये! बिडकीनजवळच्या त्या मेंढपाळ घरातून कॉलेजात गेलेली सुगंधा ही पहिलीच पोर. आई-बापामागं तोच तिला पगारातून सहाशे देत होता, आणि बदल्यात फक्त खरा हिशेब मागत होता.

सुगंधा मान खाली घालून उभी राहिली. काय सांगायचं? ते दीडशे आक्काला जात होते, हे? दोघांची थोरली बहीण बाना... नवऱ्यानं दुसरी बायको आणली तेव्हा सवतीच्या हाताखाली नांदायला नकार देऊन ती माहेरी आली, आणि याच त्रिंबकनं "तू आमाला मेलीस" म्हणून तिच्या तोंडावर दार लावलं होतं! ती बाना याच शहरात लोकांची धुणीभांडी करत नर्सिंगचं शिकत होती. एकदा बाजारात ती अवचित समोर आली, आणि त्याच महिन्यापासून सुगंधानं आपलं रात्रीचं जेवण बंद केलं. आक्कानं मात्र तिला आईची शपथ घातली होती, "त्रिंबकला कळू देऊ नको गं... तुझंबी शिक्षण थांबवंल त्यो."

"बोल की! कुणी पोरगं हाय का?"

त्या प्रश्नानं तिचं अंतःकरण विदीर्ण झालं!

"तसलं काय नाय रे दादा... माझ्यावर इस्वास ठेव."

"मंग नाव सांग!"

नाव ओठांपर्यंत आलं होतं. एक शब्द, आणि तिची सुटका होती... पण आक्काचं अजून एक वर्ष बाकी होतं, आणि दादाचा राग ती ओळखून होती. तो तिथं जाऊन तमाशा करील, आक्काचं कसंबसं उभं राहिलेलं आयुष्य पुन्हा मोडेल! ती नुसती रडत राहिली.

"पेटी भर," तो म्हणाला. "बास झालं शिक्षण."

परीक्षा तोंडावर आली होती! पण त्रिंबकनं काही ऐकलं नाही. तो रिक्षा आणायला गेला तेवढ्यात तिनं धावत मेसवर जाऊन, कानातली सोन्याची फुलं काढून आक्काला ओळखणाऱ्या सारजाबाईंच्या हातात ठेवली. "आक्काला द्या, मावशी. म्हणावं, माझं लग्न ठरलं, म्हणून कॉलेज सोडलं."

त्याच उन्हाळ्यात पैठणकडच्या मल्हारीशी तिचं लग्न लागलं. नवरा भला होता, पण भावाची अढी गेली नाही. बहिणीचे रिकामे कान त्यानं पाहिले होते, आणि मनात नको ते पक्कं धरलं होतं. सात वर्षं तो तिच्या दारी गेला नाही... दिवाळीलाही नाही!

मग एके दिवशी यंत्रात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. दवाखान्यात शुद्धीवर आला तेव्हा सलाइनची बाटली बदलणारी नर्स त्याच्यावर वाकली होती.

"लई दुखतंय का रे त्रिंबक?"

बानाला ओळखून त्यानं तोंड फिरवलं. तीन दिवस तिनं त्याला आपल्या हातानं घास भरवले. चौथ्या दिवशी त्याला राहवेना.

"आक्का... तू नर्स कशी झालीस? पैका कुणी दिला?"

"सुगंधानं. एक वेळ उपाशी राहून. लग्न ठरलं तवा कानातली फुलंबी देऊन टाकली पोरीनं... तुला म्हाईत नाय व्हय?"

त्रिंबकचा चेहरा पांढराफटक पडला. "लग्न ठरलं नव्हतं, आक्का," तो कसाबसा म्हणाला. "म्या तिला परीक्षेला बसू दिलं नाय... म्या तिला नको नको ते बोललो गं!"

दवाखान्यातून सुटल्यावर, बांधलेला हात छातीशी धरून तो थेट सुगंधाच्या अंगणात जाऊन उभा राहिला. ती लोकर निवडत बसली होती. तो मटकन खाली बसला, तिच्या पायांना हात लावू लागला तशी ती मागं सरली.

"दवाखान्यात आक्का भेटली, समदं सांगितलं तिनं. परत शीक, सुगंधे. फारम आणलाय... खर्चाचा एक शब्द इचारणार नाय."

"आता इंग्रजी वाचता येत नाय रे दादा," ती हळूच म्हणाली. "त्या दिवशी नुसतं माझ्या डोळ्यांत बघितलं असतंस..."

तो हमसून हमसून रडू लागला. पुष्कळ वेळानं तिनंच विचारलं,

"आक्का पांढऱ्या साडीत कशी दिसती रे?"

"चल... तूच बघ," एवढंच तो म्हणाला.

एस.टी.त फार गर्दी होती. तिनं त्याला खिडकीशी बसवलं, दुखऱ्या हाताला कुणाचा धक्का लागू नये म्हणून, आणि स्वतः त्याच्यापुढं आड उभी राहिली... शहर येईपर्यंत.