लाल कोटातला साहेब

सार्थक खरं तर माझ्या कामाच्या खोलीखालच्या फ्रेमवाल्याकडे आला होता. दुकान बंद होतं, आणि मी जिन्यात चहाचा कप घेऊन उभी होते. माझ्या बोटांवरचे रंगाचे डाग पाहून त्यानं चाचरत विचारलं, "तुम्ही... जुनी चित्रं दुरुस्त करता का?"

"करते. दाखवा."

रुमालाच्या घडीतून त्यानं काडेपेटीएवढी चौकट काढली. आत लाल कोटातला लष्करी अधिकारी. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी केसासारख्या बारीक कुंचल्यानं रंगवलेला. खांद्यावरची सोनेरी झालर, एकेक बटण... आणि कॉलरच्या वर नुसताच फिकट डाग. चेहराच नव्हता!

"धूळ होती," तो पुटपुटला, "म्हणून ओल्या फडक्यानं..."

"अहो, पाण्याचे रंग आहेत हे! काऊन पुसलं?"

घाबरले की माझी वर्ध्याची बोली अशी निसटते. तो एवढ्या काळजीतही हसला. "रागावलात तरी गोड वाटतं हे."

"चित्राचं बोला," मी म्हटलं. कान मात्र तापले होते.

मग त्यानं सगळं सांगितलं. त्याचे वडील, बद्रीनाथकाका. नजर अधू म्हणून सैन्यात घेतलं नाही. मग तीस वर्षं जुन्या बाजारातून अधिकाऱ्यांची अशी चिमुकली चित्रं जमवली. सात झाली. आता मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. "त्यांना स्वच्छ दिसायला लागेल, तेव्हा चित्रंही स्वच्छ दिसावीत, एवढंच वाटलं हो मला... प्लीज, एक चेहरा काढून द्या. कुठलाही चालेल. बाबांना कळणार नाही."

त्याचे डोळे भरले होते. तरी मी म्हटलं, "नाही. उरलंय ते मी जपून देईन. गेलेलं खोटं रंगवणार नाही. आणि बाबांना तुम्हीच सांगा."

तो हळूच म्हणाला, "सांगायचा धीर कुठून आणू?"

"मी येते सोबत," मी बोलून गेले.

पुढचे आठ दिवस तो ऑफिस सुटलं की माझ्याकडे येई. "काम कुठवर आलं?" विचारी, आणि बघत मात्र माझ्याकडे बसे. मी भिंग डोळ्याला लावलं की मोठा, धूसर सार्थक दिसायचा... आणि माझा हात उगाच थांबायचा.

ऑपरेशननंतरच्या रविवारी आम्ही विश्रांतवाडीला त्याच्या घरी गेलो. जुनी चित्रं दुरुस्त करणारी म्हणून त्यानं माझी ओळख करून दिली. काकांनी चौकट हातात घेतली, जवळ नेली, लांब धरली.

"डॉक्टर म्हणाले होते, सगळं स्पष्ट दिसेल. या साहेबाचं तोंड काही दिसत नाही."

सार्थक त्यांच्याजवळ जाऊन बसला. "बाबा, माझ्या हातून पुसलं गेलं. साफ करायला गेलो होतो... चुकलं माझं."

काका बोटानं ती सोनेरी झालर चाचपत राहिले.

"दोनशे वर्षं टिकला बिचारा. तुझ्या हातात एक दुपार नाही टिकला." मग त्यांनी लेकाच्या पाठीवर हात ठेवला. "पण सांगितलंस. हे मला चष्म्याशिवाय दिसलं." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आपण दुसरा चेहरा चिकटवला नाहीत, फार उपकार झाले. या साहेबाचा मान राखलात."

तीन वर्षं मी पुण्यात एकटी काम करत होते. असं कुणी म्हटलं नव्हतं.

रिक्षापर्यंत सोडायला सार्थक आला. आळंदी रस्त्यावर दोन रिक्षा आमच्यापाशी रेंगाळून निघून गेल्या. आम्ही हातच केला नाही.

"तुमचे आभार कसे मानू?" तो म्हणाला.

"काका बोलले तेवढं पुरे आहे मला."

"मला नाही पुरत." तो थांबला. "चित्राचं काम संपलं... आता रोज यायला कारण काय सांगू?"

"खरं कारण सांगा की."

"तू आवडतेस. खूप."

वाऱ्यानं ओढणी उडाली, ती सावरायचंही सुचलं नाही मला. "मग उद्याही ये," मी म्हटलं, "साडेसहाला. मी चहा ठेवीन."

तिसरी रिक्षा थांबली. मी आत बसले. तो दाराशी वाकला, काहीतरी मोठं बोलणार असं वाटलं... आणि म्हणाला, "तनुजा, पोचलीस की कळव."

आई सोडून हे मला कुणी म्हणालं नव्हतं. साऱ्या वाटेत मी फोन हातात धरून बसले होते, आणि मनातल्या मनात कुणाकुणाचे आभार मानत होते.