उजवा गिअर, डावा ब्रेक

त्या सकाळी मी गॅरेजात गेलो तो फक्त गाडी आणायला. सिनेमातली गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीची होती, म्हणून मला स्टंट शिकवणाऱ्या उस्तादांची जुनी मोटरसायकल ठरली होती. उस्ताद गेल्या साली गेले. तेव्हा मी मांडीचं हाड मोडून दवाखान्यात पडलो होतो. त्यांचं शेवटचं तोंडही पाहता आलं नाही, ते अजून सलतं.

हाड जुळलं, पण धीर काही जुळला नव्हता. स्टंट म्हटला की हात गार पडायचे. हे फक्त बायकोला ठाऊक. "आज जमलं तर जमलं, नाहीतर सोडून द्या," ती निघताना म्हणाली. मीही मनाशी तेच ठरवलं होतं.

"नव्या गाड्या बटण दाबलं की सुरू होतात," मिस्त्रीकाका किक मारत म्हणाले. "ही आधी माणूस पारखते. आणि ध्यानात ठेव, हिचा गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. तुमच्या गाड्यांच्या बरोबर उलटं."

"काका, हिच्यावरच तर शिकलो मी."

"शिकलास रे. पण सवय फार वाईट."

बंद पडलेल्या दगडखाणीकडे भरधाव जायचं आणि अगदी कड्याच्या तोंडाशी थांबायचं, एवढाच शॉट. कड्याखाली ऐंशी फूट. टळटळीत दुपार, वारा अजिबात नाही, आणि पन्नास माणसं असूनही कुणाचा आवाज नाही. इशारा झाला तसा मी निघालो.

खुणेचा दगड आला. मी पाय दाबला... उजवा.

गाडीने हिसका दिला आणि ती पुढेच धावली. हँडलवर बोटं थिजली होती, हातातला ब्रेकही दाबवेना. कडा समोर आला.

तेवढ्यात मागची सीट दबली. कानामागे तंबाखूचा वास आला. माझ्या डाव्या पायावर एक जड बूट पडला आणि दाबत राहिला.

"डावा... गाढवा, डावा..."

चाक कड्यापासून वीतभर अंतरावर थांबलं. मागे वळून बघायला मला बराच वेळ लागला. मागे कुणीच नव्हतं. पण तसं गाढव म्हणणारा माणूस मला जन्मात एकच भेटला होता. घाम पुसल्यासारखं करून मी डोळे पुसले.

"छान! आणखी एक टेक घेऊ," दिग्दर्शक म्हणाले.

या खेपेला सीट हलकीच राहिली. डावा पाय मी स्वतः दाबला. पुन्हा वीतभरच अंतर राहिलं, आणि हात गरम होते. तिथूनच बायकोला फोन लावला. "सोडत नाही गं," एवढंच बोलता आलं.

मग वहीवाली मुलगी आली. दोन टेकमध्ये काय जुळत नाही ते टिपणं तिचं काम. दिवसभर ती लांब तंबूत, कॅमेऱ्यातलं दाखवणाऱ्या पडद्यासमोर बसलेली होती.

"दादा, पहिल्या टेकला तुमच्या मागे एक काका बसलेत. दुसऱ्याला नाहीत."

मी मागच्या सीटवर हात ठेवला.

"दुसऱ्याला ते आधीच पुढे जाऊन उभे आहेत. टाळ्या वाजवतायत. शॉटमध्ये येतात हो, त्यांना जरा बाजूला व्हायला सांगाल का?"

"पुढे... म्हणजे कुठे?"

तिने वहीत पाहिलं.

"तुमच्या चाकाच्या पुढे. चार पावलांवर."